गाळलेली अट

१८ मार्च, मंचर
ब्लॉग टाकला. 'कांदा शेतातच सुकवा, थेट कांदाचाळीत साठवा. पुन्हा सावलीत पसरायची गरज नाही.' यावरचा माझा संशोधन-पेपर परीक्षकांकडे अडकलाय. तो छापून येईपर्यंत यंदाचा हंगाम संपेल.
माझ्या मार्गदर्शक सरांनी वाचून विचारलं, "पाणी तोडायची अट कुठंय?"
काढणीच्या बरंच आधी पाणी बंद केलं असेल तरच हे चालतं, नाहीतर ओलसर कांदा चाळीत सडतो. ओळ होती, काढली. म्हटलं, जर-तर घातलं की लोक वाचत नाहीत.
"जर-तर काढलं की संशोधन उरत नाही," सर.
म्हातारे झालेत. पेपर वाचणार कोण, मी आणि ते.

२ एप्रिल
बेल्ह्याच्या बाजारात एका टेम्पोवाल्याने मलाच माझा ब्लॉग दाखवला. कुणीतरी फोटो काढून पुढे पाठवलेला, खालचं नाव कापलेलं. "वाचा ताई, लई कामाचं हाय." हरखले. घरी येईपर्यंत हसत होते.

९ एप्रिल
लोणीहून आत्याचा फोन. "तू लिवलंस तसंच केलं बग. थेट चाळीत. शेजारच्या तान्हाबाईला बी सांगितलं, आमच्या शुभानं लिवलंय म्हनून."
मी विचारलं, "पाणी कधी तोडलं होतंस?"
"तोडतंय कोन? कालव्याला पानी आलं, समद्यांनी घेतलं. काडायच्या आठ दिस आदी."
माझे प्रयोग पिंपरी पेंढारला, विहिरीवर. तिथे मोटर आपल्या हातात. लोणीत कालव्याच्या पाण्याची पाळी आली की पिकाला हवं असो-नसो, पाणी घ्यायचंच. सोडली तर पुन्हा कधी येईल कोण जाणे. हे मला काय ठाऊक नव्हतं? सगळ्या सुट्ट्या तिथेच काढल्यात.
आणि मी म्हणाले, "बरं केलंस."

१० एप्रिल
ब्लॉगात अट परत घातली, ठळक अक्षरांत. फिरतोय तो मात्र जुनाच फोटो.
आत्याला सांगायला हवं, कांदा बाहेर काढ, सावलीत पसर. अजून वेळ आहे. पण भरलेली चाळ उपसायची, पुन्हा बायका बोलवायच्या, आणि तान्हाबाईसमोर आत्याचं तोंड... उद्या करते फोन.

२१ एप्रिल
नाही केला. वाटतं, टिकेलही कांदा. हे वाटणं कुठल्या तक्त्यात बसतं?

२७ मे
पेपर स्वीकारला. परीक्षक लिहितात, पाण्याची अट लेखिकेने प्रामाणिकपणे मांडली आहे. प्रामाणिकपणे! सरांनी पेढे आणायला लावले. माझा पेढा कागदात गुंडाळून ठेवला.
एकच दुरुस्ती: निष्कर्ष शेतकऱ्यांपर्यंत कसे पोचवले, ते दोन ओळींत लिहा. सर म्हणाले, "ब्लॉगचं टाक की."

१४ जून, लोणी
फाट्यावर उतरून चालत आले. चाळीचा वास अंगणापर्यंत. आत्या सडके कांदे निवडून बाजूला टाकत होती. ढीग मोठा होता.
"तुझं बरोबरच असंल गं. आमच्याच हातनं कायतरी चुकलं."
मग राहवेना. सांगितलं सगळं. अट होती, मीच गाळली, लेख सुटसुटीत व्हावा म्हणून.
ती निवडत राहिली. हात न थांबवता म्हणाली, "फोनवर पान्याचं इचारलंस, तवा कळलं व्हतं तुला?"
हो म्हणाले.
"तवा सांगितलं असतंस तर पसरला असता गं."
एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. मीही टोपली घेऊन बसले. हाताचा वास जात नाही.
उठताना म्हणाली, "तान्हाबाईनं चाळ अजून उगडली न्हाई. तिला तूच सांग. म्या न्हाई सांगायची."
गेले. तान्हाबाई ओट्यावरच होत्या. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी घरात हाक मारून चहा टाकायला सांगितला, बसायला सतरंजी टाकली. म्हणाल्या, "तो लेख तूच लिवलास ना गं, शुभा?"