आधी निष्कर्ष, मग प्रश्न

ता. ३ जुलै

चि. ठकीस,
अ. उ. आ.

फोनवर तू ‘हो बाबा, बरं बाबा’ करून मोकळी होतेस, म्हणून पत्र. तुझा बाप, दातांचा निवृत्त डॉक्टर, हल्ली समाजशास्त्राच्या एम.ए.ला पहिल्या बाकावर बसतो, कारण मागून फळा दिसत नाही. वर्गातली मुलं मला ‘सर’ म्हणतात आणि मी आत शिरलो की सवयीने उभी राहतात. आता विभागप्रमुख बाईंनी फर्मान काढलंय, ऑगस्ट संपायच्या आत शोधनिबंध द्या, नाहीतर नाव कमी. वर माझ्याकडे बघून म्हणाल्या, हौस म्हणून आलेल्यांनाही हाच नियम. लागलं गं मनाला. मला हा अभ्यास खरंच पुरा करायचाय.

विषय दणदणीत निवडलाय: ‘मानवी संवादाचा ऱ्हास, आदिमानव ते मोबाइल’. निष्कर्ष लिहूनही झाला. इतका झकास उतरलाय की मीच पुन्हा पुन्हा वाचतो. मधलं संशोधन तेवढं राहिलंय. तू कॉलेजात पोरांकडून असले निबंध लिहून घेतेस, तर बापालाही हात दे. जावईबापूंना आशीर्वाद सांग.

तुझ्या लोभाचा आणि मार्कांचा भुकेला,
बाबा

ता. ११ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हसून हसून पोट दुखलं. आधी त्या आदिमानवाला घरी पाठवा. एका खोलीत बसून तुमच्या डोळ्यांना दिसेल एवढाच प्रश्न घ्या: ताटकळत बसलेली अनोळखी माणसं हातात मोबाइल असला की एकमेकांशी कमी बोलतात का? यावर आधी कोणी काय लिहिलंय ते लायब्ररीत वाचा. कुठलं पुस्तक, कुठलं पान, तिथल्या तिथे टिपा, नाहीतर शेवटी तुमचा चष्मा शोधतो तसे संदर्भ शोधत बसू. मग आराखडा करा: प्रश्न काय, आधीचं काम काय, तुम्ही काय केलंत, काय आढळलं. प्रस्तावना सगळं झाल्यावर लिहा. तो झकास निष्कर्ष मात्र कपाटात टाकून कुलूप लावा, आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या.

इकडे सगळं ठीक. लोभ आहेच, आराखडा आला की वाढेल.

ठकी

ता. २ ऑगस्ट

चि. ठकीस,
अ. उ. आ.

मास्तरीणबाई, फजिती ऐका. ओळखीची जागा बरी म्हणून मी आपल्या जुन्या दवाखान्यातच बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. जो येईल तो माझ्यासमोर आ वासतो! म्हणे, डॉक्टर, ही दाढ जरा बघा. नवा डॉक्टर आतून डोकावला तर रांग माझ्यापुढे. निरीक्षण राहिलं बाजूला, मी एकाला दाढ काढायचा सल्लाही देऊन बसलो.

आता रक्ततपासणीच्या लॅबमध्ये परवानगी काढून कोपऱ्यात बसतो. कोणाचं नाव लिहीत नाही. पण गं, मोबाइलवालेच जास्त बोलतात! कोणी नातवाचा फोटो शेजारणीला दाखवतं, कोणी चार्जर मागतं, की झाल्या गप्पा सुरू. बिनमोबाइलचे उपाशीपोटी भिंतीकडे बघत बसतात. माझ्या निष्कर्षाची पार वाट लागली. मुदत संपत आलीय. या गप्पिष्टांच्या थोड्या नोंदी गाळल्या तर कोणाला कळणार आहे? तू फक्त हो म्हण. जावईबापू कसे आहेत?

लोभ असाच आंधळा राहू दे,
बाबा

ता. ९ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नाही म्हणते. तुम्हाला कळणार आहे ना, मग झालं. एका मुलाने असंच केलं होतं, मी त्याचा निबंध परत केला आणि तो ढसाढसा रडला. अंदाज चुकला, असं सरळ लिहा. तुम्ही एकच लॅब पाहिलीत, तीही सकाळची, तेव्हा हे सगळ्या जगाला लागू नाही, हेही लिहा. बाईंनी नाव कमी केलं तर मी स्वतः येऊन भांडेन, पण खोट्यासाठी नाही भांडणार.

लोभ आहे, म्हणूनच बोलते.

ठकी

ता. ३० ऑगस्ट

चि. ठकीस,
अ. उ. आ.

निबंध स्वीकारला! नाव राहिलं! सगळ्या वर्गासमोर सांगितलं की माझा अंदाज साफ आपटला. टेबल धरून सगळ्या नोंदी वाचून दाखवल्या. बाई म्हणाल्या, संदर्भसूची मात्र पुन्हा करून आणा, एक पुस्तक दोनदा आलंय आणि एक आलेलंच नाही.

घरी येताना एक गोष्ट ध्यानात आली. जन्मभर मी लोकांच्या तोंडात हत्यारं घालून विचारत आलो, काय, घरी सगळे कसे आहेत? उत्तर येणार नाही, याची पक्की सोय करून. तुझ्याशीही तेच करतो. जावईबापूंबद्दल दोन पत्रांत लिहिलं, दोन्ही वेळा तुझ्याकडून चकार शब्द नाही, आणि मी ठरवून टाकलं की तुम्ही दोघं कामात असाल. हा निष्कर्षही मी आज खोडला. ठके, तू कशी आहेस? मला माहीत नाही, म्हणून विचारतोय. या वेळी गप्प बसून ऐकेन.

तुझा,
बाबा

ता. ५ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

उन्हाळ्यापासून मी एकटीच राहतेय. कुठून सांगायचं ते सुचेना, म्हणून तुमच्या निबंधात तोंड खुपसून बसले. पोरांना दटावते की जे दिसलं ते लिहा, आणि बापाला मात्र सगळं ठीक म्हणून कळवते. अशी तुमची मास्तरीण!

शनिवारी येतेय. या खेपेला जरा जास्त राहीन. दार उघडलंत की लगेच काही विचारू नका बाबा. आधी थोडं रडू द्या, मग सगळं सांगते.

ठकी