टेकडीची नवी साहेबीण

मंगळवार, ४ तारीख

आली एकदाची! दरवर्षी टेकडी बघायला येणारे छत्रीवाले काका निवृत्त झाले, त्यांच्या जागी संस्थेने एक पोर पाठवली. वय चोवीस, बूट चिखलाने माखलेले, बोलणं इतकं हळू की मला वाटलं माझेच कान गेले. संस्था सहा महिने बघणार आणि जमलं तर कायम करणार, म्हणाली. मी म्हटलं, लग्नात एवढी सवलत कोणी देत नाही गं. हसली. हसली की छान दिसते.

टेकडी माझ्याच नावावर आहे, झऱ्यासकट. पण नऊ वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी संस्थेशी करार केला — इथे कधी काही बांधायचं नाही. आम्ही नाही, मुलांनी नाही, उद्या कोणी विकत घेतली तर त्यानेही नाही. झाडं राहतील, पाखरं राहतील. वर्षातून एकदा संस्थेचा माणूस हद्दीने फिरतो, त्याच अकरा दगडांपाशी उभा राहून फोटो काढतो आणि नवं बांधकाम दिसलं तर लिहितो. एवढंच काम. पण एवढंच करायला छाती लागते.

बुधवार, ५ तारीख

आज फिरली. मला वर चढवत नाही, मी झऱ्यापाशीच बसले. तिथे सिमेंटचा ओटा आहे. करारानंतर ह्यांचे गुडघे गेले, तेव्हा बांधून घेतला. शेवटची तीन वर्षं हे तिथेच बसायचे, पाण्याकडे बघत. छत्रीवाले काकाही तिथेच चहा प्यायचे आणि त्यांच्या फोटोत ओटा कधी आला नाही. चांगला माणूस. मी शाल चांगली ऐसपैस पसरून बसले. थंडी होती का? नव्हती. असो.

पोरीने झऱ्याचा फोटो काढला. त्यात मीही आले. केस नीट होते का कोण जाणे.

खरी गंमत वर झाली. माझ्या थोरल्या मुलाने टेकडीच्या माथ्यावर खोली बांधलीय! मला सांगितलं होतं, अवजारं ठेवायला पत्र्याचा आडोसा करतोय. पोर म्हणते पक्की फरशी आहे, न्हाणीघर आहे आणि दरीकडे मोठी खिडकी. खुरप्यांना देखावा कशाला लागतो?

थोरला तिला तिथे गोड आवाजात म्हणाला म्हणे, "ताई, तुम्ही नवीन आहात. काका असते तर चहा पिऊन गेले असते."

पोर खाली आली तेव्हा चेहरा उतरला होता. म्हणाली, "आजी, मी लिहिलं तर तुमच्या घरात भांडण होईल."

"भांडण आमच्याकडे पाहुणं नाही गं, घरचंच आहे," मी म्हटलं. "तू लिही. कुणाची भीड धरू नकोस. माझीसुद्धा."

असं बोलले की मला स्वतःचंच कौतुक वाटतं.

शुक्रवार, ७ तारीख

सुनेने भाजी चिरता चिरता हळूच सांगितलं — थोरल्याने संस्थेत फोन केला. पोर उद्धट आहे म्हणे! जिचा आवाज मला ऐकू येत नाही ती उद्धट! आता तिला टेबलापाशी बसवणार आणि दुसरा कोणी जुनाजाणता येऊन पुन्हा बघणार. म्हणजे त्याला चहा पाजायला थोरला मोकळा. आणि पोरीचे सहा महिने पाण्यात.

चौथी शिकलेय मी. पण एवढं कळतं. हे मी होऊ देणार नाही.

सोमवार, १० तारीख

गेले. दोन बसगाड्या बदलून गेले! संस्थेची कचेरी दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. कठड्याला धरून चढले, मधे एकदा बसले. पोर कोपऱ्यात फायलींना नंबर घालत होती. मला बघून उभीच राहिली. मी डोळ्यांनीच म्हटलं, बस खाली.

मोठ्या बाई चांगल्या बोलतात. पाणी दिलं. तुमचं वय काय, कशाला त्रास घेतलात, वगैरे. मग म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण अजून शिकतेय. अशा नाजूक गोष्टी अनुभवी माणसाने हाताळाव्यात.

मी विचारलं, "तुम्ही पोहायला कुठे शिकलात? काठावर?"

बाईंनी टेबलावरचं पेन उचललं.

मग मी सांगून टाकलं. टेकडी माझी, करारावर सही माझी, आणि मला तीच पोर हवी. तिने जे पाहिलं ते तिनेच लिहायचं, खाली नाव तिचं. चुकली तर तुम्ही तिच्या पाठीशी उभं राहायचं. पुढ्यात नाही. तुम्ही आम्ही किती दिवसांच्या? टेकडीला पुढची चाळीस वर्षं राखणारं कोणी नको का?

बाईंनी बराच वेळ पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग पोरीला आत बोलावलं.

येताना बसमध्ये खिडकी मिळाली.

मंगळवार, ११ तारीख

थोरला बोलत नाही. जेवतो मात्र दोनदा वाढून घेऊन.

गुरुवार, २० तारीख

कागद आला. खाली पोरीची सही, ठसठशीत.

एक — माथ्यावरची खोली, साठ दिवसांत पाडावी. दोन — झऱ्याजवळचा सिमेंटचा ओटा, फोटो क्रमांक सात, शालीखाली. साठ दिवसांत काढावा.

ह्यांची जागा. डोळे भरले, खोटं कशाला लिहू? मग हसू आलं ते थांबेना. पोरीने बघितलं होतं तर!

थोरल्याला हाक मारली. म्हटलं, पहार आण. आधी माझा ओटा.