वारा जमिनीवरून

शुक्रवार, २९ मे

बाबांनी आज पुन्हा तेच केलं! रेडिओवर शुक्रवारचा हवामानाचा अंदाज वाचताना, सगळ्या गावासमोर.

जमीन — पहाटे दव गोठेल, टोमॅटो लावायची घाई नको. हवा — उत्तरेकडच्या वणव्यांचा धूर येईल, दमेकऱ्यांनी खिडक्या लावून घ्या. तळं — गार. वारा जमिनीवरून पाण्याकडे. परत हवं असेल असं काही पाण्यावर सोडू नका. आणि शेवटी त्यांचा तो खोकला.

बाहेर लख्ख ऊन होतं. धूर नाही, काही नाही.

मी स्वयंपाकघरात एकटी होते, तरी कान तापले. रेडिओ बंद केला. मग बंद केल्याची लाज वाटली म्हणून पुन्हा लावला.

शनिवार, ३० मे

उर्होच्या दुकानात मासा आणायला गेले. धुरी दिलेला मासा कागदात गुंडाळताना तो म्हणाला, "काय सायमा, तुझे बाबा वाइनो प्रलय कधी म्हणतात?" त्याची बायको लेम्पी आतून ओरडली, "अगं, टॉवेल बाहेर वाळत घालू ना? मला तो परत हवाय!"

दुकानातले सगळे हसले. मीही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

गुरुवार, ४ जून

रेडिओ केंद्र सांभाळणारा कार्ल आला. बाबा मागे सौनात, वाफेच्या न्हाणीत, आहेत हे धुराड्याकडे बघून खात्री करून मगच आत आला.

"पाहुणे घाबरतात गं. मोटेलवाले रोज माझा जीव खातात. जून उजाडला तरी म्हातारा जानेवारी वाचतो. तू कॉलेजात साहित्य शिकवतेस, सुट्टीभर इथेच आहेस — तूच वाच ना." आणि दारातून वळून, "त्यांना तूच सांग हं. मला नाही जमणार."

विचार करते म्हटलं. विचार कसला! तो बोलायच्या आधीच माझं ठरलेलं होतं.

शनिवार, ६ जून

सांगितलं बाबांना. ते म्हणाले, "बरं झालं. घसा दुखतोच हल्ली."

कॉफी संपत आल्यावर, कपात बघत — "तळ्याबद्दल जरा वाईटच बोलत जा, सायमा. चुकलीस तर लोक हसतील. हसू देत. माणसं हसायला उरली पाहिजेत."

मी म्हटलं, बघू.

शुक्रवार, १२ जून

माझं पहिलं वाचन.

हवामान खात्याचे आकडे दुपारीच आले होते. जमीन — पारा नव्वद फॅरनहाइटपर्यंत. हवा — स्वच्छ, दक्षिणेचा वारा. तळ्यासाठी कागदावर आधी बाबांचंच उतरलं होतं : वारा जमिनीवरून, काठाशी सपाट, भूशिराच्या पलीकडे लाटा, परत हवं असेल असं काही सोडू नका. किती लांब, किती म्हातारं! वर्षानुवर्षं तेच! खोडत गेले. शेवटी एक शब्द उरला. तोच वाचला.

तळं — आरसा.

वाचल्यावर क्षणभर थांबले. शांतता चांगली वाटली. काचेपलीकडून कार्लने अंगठा उंचावला.

घरी बाबा म्हणाले, "आवाज छान येतो तुझा." थोड्या वेळाने, "वारा कुठला म्हणालीस?"

"दक्षिणेचा."

ते उठून भांडी घासायला लागले. भांडी मी सकाळीच घासली होती.

शनिवार, १३ जून

दुकानात उर्हो — "याला म्हणतात उन्हाळा! लेम्पीने पाण्यावर तरंगायची गादी फुगवून ठेवलीय बघ." मी म्हटलं, मजा करा.

रविवार, १४ जून

लिहितेच.

उर्हो आणि लेम्पी दुपारी किनाऱ्यावर गेले. काठाशी पाणी खरंच आरशासारखं होतं. लेम्पी गादीवर आडवी झाली, डोळा लागला. जमिनीवरून येणाऱ्या त्या दक्षिणेच्या वाऱ्याने गादी अलगद आत नेली. भूशिराचा आडोसा संपला, तशा लाटा. तिने हाक मारली. उर्हो पोहत निघाला.

जूनच्या मध्यात. सुपीरियर तळ्याच्या बर्फगार पाण्यात. ते पाणी पोहायचं नसतं हे इथे जन्मलेल्या कुणालाही कळतं. त्यालाही कळत होतं.

मासेमारीच्या होडीने लेम्पीला उचललं. उर्हो कुठेच दिसत नाही.

बाबा जाकीट चढवून धक्क्यावर गेलेत. मला चल म्हणाले नाहीत.

सोमवार, १५ जून

सापडला.

बुधवार, १७ जून

दिवसभर घराबाहेर पडले नाही. बाबांनी सूप करून दारापाशी ठेवलं. लहानपणी आजारी असताना ठेवायचे तसं. प्यायले. भूक लागली होती याचीच लाज.

गुरुवार, १८ जून

चर्चच्या तळघरात अंत्यविधीनंतरची कॉफी.

लेम्पी सरळ माझ्याकडे आली. मिठी मारली. "तू आरसा म्हणालीस ना पोरी. आरसाच होता गं. खोटं नाही बोललीस तू." माझी समजूत काढत होती — ती, माझी! एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

कॉफीच्या टेबलापाशी बायका बोलत होत्या, मी खांबाआड होते.

"रेडिओवर वाइनो असता तर बोलला असता."

"काय?"

"ते त्याचं नेहमीचं."

मग एकीने ते वाक्य अख्खं म्हटलं. अगदी हळू. कोणी हसलं नाही.

मी पुढे आल्यावर त्यांनी वेलचीच्या पावाची थाळी माझ्यासमोर धरली. इथे तोंडावर कोणी बोलत नाही. थाळी धरतात. मी तुकडा घेतला, चावला, छान झालाय म्हटलं.

घरी येताना गाडीत बाबांना सांगितलं — तुमचं वाक्य कागदावर होतं. मी खोडलं. ऐकायला बरं वाटावं म्हणून.

"माहीत आहे."

"उद्या रेडिओवर सांगणार आहे."

त्यांनी मान हलवली. होकार होता की नाही, कळलं नाही. पण माझं ठरलंय. काय बोलायचं ते लिहून काढलं. एकही शब्द सजवलेला नाही. पहिल्यांदाच.

शुक्रवार, १९ जून

निघायला चप्पल घालत होते. बाबा घरात नव्हते. स्वयंपाकघरात रेडिओ चालू ठेवून गेले होते. त्यावर खोकला ऐकू आला.

"मागच्या शुक्रवारचा तळ्याचा अंदाज मी लिहून दिला होता. मुलीने फक्त वाचला. चूक माझी." थोडं थांबून, "जमीन —"

पुढचं ऐकलं नाही. केंद्र चर्चच्या मागेच आहे. धावत गेले असते तर त्यांचं वाचन तळ्याच्या अंदाजापर्यंत यायच्या आत पोचले असते.

खुर्चीत बसले. हायसं वाटलं.