ढगातली फट

४ ऑक्टोबर, नारीन

बिश्केकहून सहा तास गाडीत चेंगरून आले, पण दारातच घर सांभाळणाऱ्या सोनुनबुबू आपांनी "ये, नुरझादा" म्हणत कणकेचे तळलेले गरम बोरसोक आणि वाटीभर साय पुढे केली आणि शीण उतरला. काम माझ्या आवडीचं आहे. घरमालक मम्बेतकुल अता, आजोबांच्या वयाचे निवृत्त वैमानिक. मागच्या खोलीत त्यांनी भंगारातल्या विमानाच्या दोन खुर्च्या पट्ट्यांसकट बसवल्यात, समोर तीन मोठे पडदे. त्यांच्या सिम्युलेटरमधले डोंगर झकास आहेत, ढग मात्र टुकार. ते खरे वाटतील असे करायचे, एवढंच. दोन आठवडे राहणं-जेवण इथेच. माझ्या खिडकीतून नदी दिसते.

६ ऑक्टोबर

ढगांचे तळ सपाट केले. कडा पातळ केल्या, म्हणजे मागून ऊन आलं की उजळतील. उतारांवर त्यांच्या सावल्या सोडल्या. अता विमान उडवून बघतात आणि तोंड वाकडं करतात.

"हे ढग आहेत की फाटक्या गादीतला कापूस? बिश्केकात आकाश असतं ना गं, की तेही बंद पडलंय?"

मी हसले. ते हसले नाहीत.

एक चूक काही केल्या जात नाही. इथल्या दोन वशिंडांच्या उंटाच्या पाठीसारखा, दोन उंचवट्यांचा एक ढग थोड्या थोड्या अंतराने पुन्हा तस्साच येतो.

९ ऑक्टोबर

आज उलगडा झाला. अतांना कुठलेतरी ढग नकोत, एकाच दिवसाचे हवेत. तीस वर्षांपूर्वी त्यांचं विमान खिंडीपाशी कड्यावर आदळलं. अकरा जण गेले, एकटे अता वाचले. त्या अकरांत त्यांचा धाकटा भाऊही होता, म्हणजे आपांचा नवरा. चौकशीत ठरलं की समोर ढगांची भिंत दिसत असूनही अतांनी विमान आत घातलं. अता म्हणतात, भिंत नव्हती. डाव्या कड्यापाशी निळी फट होती.

आपांनी हे सगळं कणीक मळता मळता सांगितलं. मी विचारलं, तरीही तुम्ही त्यांना रोज जेवू घालता?

"ते मेले, तर मला खरं काय ते कोण सांगणार?"

११ ऑक्टोबर

आधी भिंत, मग फट, असा अतांचा हुकूम. भिंत चार वेळा दाखवली. चारही वेळा एकच: "अजून ओली कर." पाचव्यांदा ते उठून बाहेर गेले.

मी पडद्याला हात लावला. ओला. खोलीत भिजलेल्या लोकरीचा वास.

खुर्चीमागे कोणीतरी खोकलं. आपा तर स्वयंपाकघरात होत्या. भांड्यांचा आवाज येत होता.

१३ ऑक्टोबर

जेवताना खिडकीबाहेर बघितलं. डोंगरावर दोन उंचवट्यांचा ढग. त्याच्यामागे तोच. त्याच्यामागे पुन्हा तोच.

खऱ्या आकाशात. माझी चूक.

आपांना दाखवलं. त्यांनी मानही वर केली नाही. "दिसतायत. तू फट कधी करतेस?"

मी फट करणार नाही.

१४ ऑक्टोबर

ढगांच्या सगळ्या फायली पुसल्या. पडद्यांची तारही उपटली. तरी पडदे ढगांनी पांढरेच.

बॅग घेऊन निघाले. दाराबाहेर रस्ता नाही, फाटक नाही. हात लांब केला तर बोटं दिसेनात. फोन लागत नाही.

अता मागे उभे होते. म्हणाले, "अशा हवेत कुठे निघालीस, पोरी? फट कर. मग जा."

१५ ऑक्टोबर, सकाळ

केली. दुसरं काय करणार होते? तार अजून जमिनीवरच पडलीये, तरी केली.

आता जाऊ द्या म्हटलं. अतांनी मला उजव्या खुर्चीत बसवलं. शेजारी कोणी नसेल तर उडत नाहीत म्हणे. पट्टा स्वतः आवळला.

खटका सुटत नाही. वही मांडीवर आहे म्हणून लिहितेय.

दुपार

आपा आल्या. ठेवणीतली शाल, हातात गाठोडं. मागे बसल्या. मागे बाक नव्हतं —

आता खूप जण खोकतायत. आपा कोणाशी तरी हळू बोलतायत. हसल्या.

फट दिसतेय. निळी. डाव्या कड्यापाशी.

अता रडतायत. "होती ना? नुरझादा, सांग सगळ्यांना, होती ना?"

मागून आपा. थोरल्या दिराचं नाव त्यांनी आजवर कधी तोंडातून काढलं नव्हतं. "होती, मम्बेतकुल. चल आता."

आत शिरलो. तिरपे —

फट मिटतेय. मी मिटवत नाहीये. अता ओरडतायत, मागे वळायला जागा नाही —

उजवीकडे दगड. इतके जवळ — दगडांत गवत, गवतावर दंव. हे मी केलेलं नाही. यातलं काहीच मी