मास्तरांचा बिल्ला

प्रिय ‘कशावरून’,

हे नाव तुझ्या बाबांनी ठेवलेले. ते गेल्यापासून या घरात कोणी उच्चारलेले नाही. तू बोलायला लागलीस तीच हा प्रश्न घेऊन. जेव, गार होईल, म्हटले की ‘कशावरून?’, झोप, उशीर झाला, म्हटले तरी ‘कशावरून?’ बाबा मला हसत, म्हणत, तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या पोटी दुसरे काय येणार. आज इतकी माणसे आणि इतकी वाहने तुझ्या शब्दावर हलतात, आणि या वयात तुला अशी हाक मारणे शोभत नाही, हे मी जाणते. तरीही मारते आहे. कारण पत्राच्या ओघात कळेल.

डोळ्यांचे वर्तमान आधी सांगते, म्हणजे पुढचे मन लावून वाचशील. शस्त्रक्रियेनंतरची तपासणी समाधानकारक झाली. उजव्या डोळ्याने आता समोरच्या गच्चीवरच्या वाळत्या कपड्यांची किनारसुद्धा दिसते. तपासणीला न्यायला तू घरची गाडी आणि मास्तरांना पाठवलेस, हे फार बरे केलेस. नव्या चालकांना मागे गाडी घ्यायला तेच शिकवतात म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणतात, हे मला ठाऊक होते. पण ते इतके बोलके असतील असे वाटले नव्हते. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातल्यावर मला सगळे धुक्यासारखे झाले, तेव्हा ते शेजारच्या बाकावर बसून वर्तमानपत्रातल्या जाहिराती मोठ्याने वाचून दाखवत होते. एका गादीच्या जाहिरातीवर म्हणाले, “बाई, ही गादी पैलवानाला घेऊन दिली पाहिजे, बिचारा स्टिअरिंगवरच डोकं टेकतो.” पैलवान म्हणजे तुमच्याकडचा तो काडीसारखा नवा डंपरचालक, हे त्यांनीच मला समजावून सांगितले.

वाहनांवर नजर ठेवणारी तुझी ती यंत्रणा पहिल्यांदा पाहिली तो दिवस मला आठवतो. बाबा अपघातात गेले तेव्हा कामावरचा रोलर मागे येत होता आणि चालकाच्या समजुतीने मागे कोणी नव्हते. कार्यालयातल्या माणसांच्या समजुतीने बाबा कार्यालयात होते, आणि माझ्या समजुतीने ते घरी यायला निघाले होते. आम्ही सगळेच त्यांना कुठेतरी ठेवून बसलो होतो आणि ते तिथे नव्हते. पुढे तू प्रत्येक डंपर, रोलर आणि मिक्सरमध्ये ती काळी डबी बसवलीस. एका भिंतीवर सगळी वाहने ठिपके होऊन फिरू लागली. कोण वेगात आहे, कोणी ब्रेक करकचून दाबला, भरावाच्या कडेकडे कोण सरकते आहे, सगळे तिथे उमटायचे. कडेची हद्द ओलांडली की केबिनमध्ये भोंगा वाजे. पाळी संपलेल्या चालकाने पुन्हा गाडी चालू करायला आपला ओळखीचा बिल्ला डबीला टेकवला, तर इंजिन सुरूच होत नसे. चालकांनी त्या डबीचे नाव ‘सासू’ ठेवले, कारण ती सगळीकडे लक्ष ठेवते आणि चहाडी करताना आवाजही करत नाही. त्यांच्या चेष्टेत राग होता, पण अपघात कमी झाले तसा तो ओसरला. मी तुझ्या कामाबद्दल फारसे बोलत नाही. माझ्या आयुष्यात मी पाहिलेला दुःखाचा सर्वांत शहाणा उपयोग तो होता, हे मात्र एकदा लिहून ठेवते.

त्या दिवशी परतीच्या वाटेला लागण्याआधी आम्ही दवाखान्याच्या उपाहारगृहात चहा घेतला. सहज म्हणून मी मास्तरांना विचारले, तुमचा डंपर आज उभाच असेल ना? ते म्हणाले, “छे हो, बिल्ला ठेवून जा म्हणाले. बिल्ला कामावर गेलाय, मी सुट्टीवर.” मला समजले नाही, तेव्हा त्यांनी खुलासा केला. एखाद्या चालकाची पाळी संपली आणि गाड्या अडून राहिल्या की पर्यवेक्षक फाटकाजवळच्या खुंटीवरचा दुसऱ्याचा बिल्ला त्याच्या हाती देतात. देणाऱ्यालाही त्यात वावगे वाटत नाही. उद्या आपली नड असेल तेव्हा कोणीतरी आपल्याला देईल, एवढाच हिशेब. मास्तर हसून म्हणाले, “सासूला बिल्ला दिसतो, बाई, सून दिसत नाही.” मीही हसले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. थेंबांमुळे त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. बशीत कप ठेवताना झालेला आवाज मात्र ऐकला, आणि मग कामावर अपघात झाल्याचे त्यांनी सांगितले.

भरावाच्या कडेवर मास्तरांचा डंपर मागे येत होता. मुकादम हात दाखवून दिशा देत होते. हद्द ओलांडली गेली, भोंगा वाजला, डंपर थांबला नाही. मुकादमांचा पाय वाचला नाही, हे तुला मी सांगायला नको. त्यांच्या खाटेशी तू सलग बसून होतीस, हे मला त्यांच्या पत्नीने सांगितले.

आता या अपघाताच्या चौकशीसाठी तू लिहिलेल्या अहवालाकडे वळते. “आई, भाषा तेवढी बघ,” अशी ओळ तू सोबत लिहिली होतीस. भाषा निर्दोष आहे. यंत्रणेतून घेतलेली प्रत्येक नोंदही खरी आहे, असे मी धरून चालते. सासूने आपले काम चोख केले. नोंदीत असे आहे की मास्तरांचा बिल्ला त्या सकाळी त्या डंपरला टेकवला गेला. अहवालात त्याचे असे झाले आहे की अपघातसमयी डंपर मास्तर चालवत होते. या दोन वाक्यांच्या मधली जागा रिकामी आहे. जिथे बिल्ला तिथे त्याचा धनी असतोच, असा नियम सिद्ध असता तर ती भरली असती. तो नियम तुमच्याच फाटकावरच्या खुंटीने रोज मोडला आहे. वर्गात अशा हेतूला, म्हणजे पुराव्यादाखल दिलेल्या कारणाला, मी हेत्वाभास म्हणत असे. कारणासारखे दिसणारे, पण कारण नसलेले. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत तो सापडला की समासात मी एकच शब्द लिहीत असे. तो शब्द तुझे नाव होता.

तू फोनवर जे सांगितलेस ते मी हलके मानत नाही. अंगावरची पाळी ओढून मास्तरांच्या बिल्ल्यावर आणखी एक पाळी करणारा पैलवान गाडीवर होता असे निघाले, तर परवाना अडेल, काम थांबेल आणि ज्यांचा यात काडीचाही संबंध नाही त्यांच्या घरी चूल पेटणार नाही. उलट मास्तरांचा आजवरचा लौकिक स्वच्छ आहे; त्यांची क्षणिक चूक म्हटली तर थोडक्यात निभावेल. मी मास्तरांना विचारलेही. ते म्हणाले, “बाई, माझी पाटी कोरी आहे. एक ओरखडा खपून जाईल.” ते तुझ्यासाठी हे करायला तयार आहेत. तुझी विधाने मला मान्य आहेत. पण परिणाम वाईट होतील एवढ्यावरून घडलेले घडले नाही, असे ठरत नाही. आणि मास्तर राजी आहेत यावरून ते गाडीवर होते, असेही ठरत नाही. शिवाय तू धंद्याच्या भाषेत बोललीस म्हणून त्याच भाषेत विचारते: पैलवानाची झोप नोंदीतून पुसलीस, तर पुढच्या झोपलेल्या माणसाला तुझी भिंत कशी ओळखणार? खुंटी तशीच राहील. पर्यवेक्षक तसाच राहील. धोका जागच्या जागी राहील, फक्त त्यावर हिरवा ठिपका असेल आणि तो हिरवा आहे म्हणून सगळे निर्धास्त असतील. तू ती भिंत उभारलीस तेव्हा अशी निर्धास्त माणसेच तर तुला नको होती.

बाबा त्या दिवशी कुठे उभे होते हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हते, आणि त्याचे दुःख मी आजवर बाळगले. मास्तर त्या दिवशी कुठे होते हे मात्र तुला, मला आणि त्यांना माहीत आहे. ते माझ्या शेजारी होते, कारण तूच त्यांना पाठवले होतेस. म्हणून अहवाल न दुरुस्त करता परत पाठवते आहे आणि सोमवारी सकाळी चौकशी अधिकाऱ्यांकडे साक्ष द्यायला जाते आहे. म्हातारीच्या डोळ्यांत थेंब होते, तिला काय दिसले असणार, असे तिथे कोणी म्हणेल. कानांत थेंब नव्हते, असे मी सांगेन. माझी साक्ष तिथे पहिल्यांदा ऐकण्याची वेळ तुझ्यावर येऊ नये, यासाठी हे पत्र. माझ्याआधी तू बोललीस तर मला फक्त मान डोलवावी लागेल, आणि ते मी आनंदाने करीन. मास्तरांना गाडी घेऊन यायला सांगितलेले नाही. त्यांच्या शब्दाविरुद्ध आणि तुझ्याविरुद्ध जाणाऱ्या साक्षीला त्यांनीच मला न्यावे, हे मला प्रशस्त वाटले नाही. मला गाडी चालवता येत नाही, हे तू जाणतेस. सकाळी मी आपल्या घराच्या फाटकाशी उभी असेन. तू येशील असे मी धरून चालते आहे. कशावरून, असे विचारलेस, तर या एका प्रश्नाला माझ्यापाशी हेतू नाही. एवढेच, की मी

तुझीच,
आई