किरकोळ ओल

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. सहा वर्षांत मी तुला चार पत्रं धाडली, उत्तर एकाचंही आलं नाही. तरी हे शेवटपर्यंत वाच. कालवा फुटल्याचं तू ऐकलंच असशील. फोटो काढणारे दुसऱ्या दिवशी निघून गेले, आम्ही मात्र अकरा आठवडे चिखलात होतो. ते काम कसं झालं हे तुझ्याइतकं कुणालाच कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

सोमवार होता. सकाळी सात वाजता मी ऑफिसात येऊन डबा टेबलावर ठेवतेय, तोच फोन वाजला. शाळेतून निवृत्त होऊन होडीत राहायला आलेल्या बाई तुला आठवत असतील. त्याच होत्या. म्हणाल्या, "अगं, माझा कप टेबलावरून आपला आपणच चालायला लागलाय." मला वाटलं, यांना चक्कर येतेय. म्हटलं, "बाई, जरा पडून राहा." तर म्हणाल्या, "पडायचं काम होडीच करतेय," आणि फोन बंद पडला. मी तशीच धावत सुटले. कालव्याखालून पाणी जाणाऱ्या जुन्या मोरीवरचा वीसेक मीटर भराव नाहीसा झाला होता आणि कालवा धबाधबा खालच्या शेतात उतरत होता. राहत्या नऊ होड्यांपैकी सहा सरळ गाळात बसल्या, दोन भिंतीला टेकून कलल्या आणि बाईंची होडी भगदाडाच्या तोंडाशी अर्धी आत, अर्धी बाहेर लटकली होती. अग्निशमनवाल्यांनी बाईंना खिडकीतून काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दोन्ही अंगांच्या पुलांखालच्या खाचांत फळ्या सोडून पाणी अडवायचं, हे पहिलं काम. तासाभराचं, पण आम्हाला चार तास लागले, कारण खाचा गाळाने गच्च भरलेल्या. तू दरवर्षी त्या खरवडत बसायचास आणि आम्ही तुला हसायचो. तू गेल्यावर कुणी त्यांना हात लावला नव्हता.

होड्या काढायला क्रेन मागवली. क्रेनवाले एक मिशाळ गृहस्थ होते. त्यांनी शेतात टाच रुतवून बघितली आणि मान हलवली. "इथे हिला उभी केली, तर आधी हिलाच काढायला दुसरी क्रेन लागेल." मग आम्ही कालव्याच्या तळातच मातीचे आडवे बांध घातले. बांधाच्या आत पंपाने पाणी भरायचं, होडी तरंगली की दोराने ओढून पुढच्या टप्प्यात न्यायची आणि तिथे नवा बांध घालायचा. अशा आठ होड्या पाच दिवसांत सुखरूप पलीकडे गेल्या. एका होडीतला सुतार तर होडी हलेपर्यंत छतावर बसून आम्हाला सूचना देत होता. शेवटी मिशाळांनी त्याच्या हातात फावडं दिलं, तेव्हा कुठे त्याचं तोंड बंद झालं.

राहिली बाईंची. मिशाळ म्हणाले, कापून तुकडे करू, सोपं पडेल. मी म्हटलं, "ते त्यांचं घर आहे. तुकडे नाही करायचे." खाली लाकडी ओंडके सरकवून, समोरच्या काठावरून दोन यंत्रांनी लोखंडी दोर ओढत ती दोन दिवस बोटबोटभर वर घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक दोर तुटून माझ्या डोक्यावरून गेला. मी खाली बसले होते म्हणून वाचले, उभी असते तरी कदाचित वाचले असते, तू उंचीवरून चिडवायचास ते आठवलं. संध्याकाळी होडी सपाट तळावर आली, तेव्हा मिशाळांनी मला न विचारता माझ्या डब्यातली अर्धी पोळी खाल्ली. तळ वाकलाय, पण दुरुस्त होईल.

मग खरी दुरुस्ती. घट्ट जमीन लागेपर्यंत खणलं, मोरी काढून टाकली, मातीचे थर घालून रूळ फिरवला आणि आतल्या अंगाला चिकणमाती वीतवीतभर घालून पायांनी तुडवली. या खोदकामात मोरीच्या डाव्या अंगाला भरावात एक पोकळी सापडली. माणूस रांगत जाईल एवढी. कडा गुळगुळीत, आत मुळं उतरलेली. मिशाळांनी आत टॉर्च मारला आणि म्हणाले, "हे काल-परवाचं नाही. इथून वर्षानुवर्षं माती वाहून जातेय." सगळे माझ्याकडे बघत होते. मी पुढचं खोदायला सांगितलं.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. बाई माझा हात धरून म्हणाल्या, "किती धावत आलीस गं तू. तू होतीस म्हणून वाचले."

सहा वर्षांपूर्वी तू पाहणीच्या कागदावर लिहिलं होतंस: मोरीच्या डाव्या अंगाने पाणी झिरपतंय, ते गढूळ आहे, म्हणजे आतून माती जातेय, कालवा रिकामा करून भराव उघडा. मला ऑफिसातल्या नव्या खुर्चीत बसून तीन आठवडे झाले होते. साहेब म्हणाले, ऐन हंगामात कालवा रिकामा करायचा नाही, कागद नीट लिहून काढ. मी नीट लिहून काढला: "किरकोळ ओल. पुढील पाहणीत बघावे." तू तो वाचलास, अक्षर ओळखलंस, साहेबांशी भांडलास आणि नोकरी सोडलीस. पण अक्षर कुणाचं हे एका शब्दाने बोलला नाहीस. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, पोराचा तापटपणा नडला. तू तिला तसंच समजू दिलंस आणि मीही.

गेल्या महिन्यात कालव्यात पाणी सोडलं, रोज वीतभर. मी सकाळ-संध्याकाळ भरावाच्या पायथ्याशी चालत होते. नवव्या दिवशी कालवा काठोकाठ भरला, कुठे थेंब नाही. होड्या आपापल्या जागी आल्यात. बाई चार पायांची काठी घेऊन दारापर्यंत चालतात.

आता पत्राचं कारण. चौकशीला एक अधिकारी बाई आल्यात. साहेब म्हणतात, त्यांना काही आठवत नाही. फाइलीत तुझा मूळ कागद अजून होता. गुरुवारी मी दोन्ही कागद अधिकारी बाईंसमोर ठेवले आणि सांगितलं, हे अक्षर माझं आहे. त्या या आठवड्यात तुला फोन करतील. दादा, मी तुला ओळखते. तूही म्हणशील, काही आठवत नाही. लहानपणी मी काच फोडली की तू पुढे होऊन मार खायचास, तसंच करशील. या वेळी करू नकोस. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. तू जे बघितलंस आणि जे लिहिलंस, तेवढं जसंच्या तसं सांग. मला उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल, पण त्यांचा फोन उचल.

तुझीच,
बुटकी