३१ डिसेंबर ९९९९

गेलेल्या माणसाच्या नावाने आलेल्या पत्राला उत्तर कोणी द्यायचं? मला ठाऊक नाही, हे आधीच कबूल करते. बाकी हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. वय सत्तावीस, घरातली पहिली पदवीधर, नोकरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. उद्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे. सह्या मात्र चार ठिकाणी घेतल्या.

१. घर माझं नाही, त्यामुळे त्यावरून भांडण नको. लॅपटॉप धाकटीला. पदवीचं प्रमाणपत्र बाबांच्या शिलाई मशीनच्या वर टांगलेलं आहे, ते तिथेच राहावं. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की बाबा त्याला आधी ते वाचायला लावतात.

२. ज्या सॉफ्टवेअरवर मी महाविद्यालयाच्या प्रबंधांचं भांडार सांभाळते, ते मुक्त स्रोताचं आहे; कोणीही घ्यावं, सुधारावं, पुढे द्यावं. म्हणून ते वारशात देता येत नाही. जोडाक्षरांचा क्रम नीट लावणाऱ्या सतरा ओळी मी त्यात घातल्या, त्याही केव्हाच सगळ्यांच्या झाल्या. माझ्या जागी येणाऱ्याला एकच सांगणं: मोठ्यांनी सांगितलं म्हणून 'कधीपर्यंत बंद' या रकान्यात तारीख भरू नये.

३. मी भरली. नोकरीचा पहिला आठवडा होता. मला हे काम शिकवणाऱ्या संशोधक ताईने आपला प्रबंध भांडारात ठेवला. तिचे मार्गदर्शक सर माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, तो इतक्यात कोणाला दिसता कामा नये. कधीपर्यंत, असं मी विचारलं.

"अगं, टाक एखादी लांबची तारीख. नंतर बघू."

मी ३१ डिसेंबर ९९९९ टाकली. ताईने ती पडद्यावर पाहिली आणि हसली. "तोवर मी म्हातारी होईन गं. तूच टाकलीस, आता तूच काढ."

सहा महिन्यांत ती तापाने गेली. वर्षभराने सरांचं पुस्तक आलं. त्यातली तीन प्रकरणं मी तिच्या प्रबंधात वाचलेली होती. तारीख काढू का, असं विचारलं तर सर म्हणाले, गेलेल्यांना कशाला त्रास देतेस.

त्रास ती मला देते. बंद प्रबंध कोणी वाचायला मागितला की सॉफ्टवेअर लेखिकेला पत्र धाडतं. तिचा ईमेलचा पत्ता बंद झाल्यापासून ती पत्रं माझ्याकडे येतात. 'प्रिय लेखिका, आपला प्रबंध वाचायला द्याल का?' अशी एकेचाळीस आली. प्रत्येकाच्या नोंदीत तेच वाक्य: लेखिकेने अद्याप उत्तर दिलेलं नाही. अद्याप. जणू ती जेवायला उठली आहे आणि आत्ता येईल. दार वाजलं की मी अजून वर बघते.

४. सरांसाठी क्षमा ठेवलेली नाही. बदलांची नोंद ठेवली आहे: कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून. त्यात पहिलं नाव माझंच आहे.

५. लेखिकेच्या पश्चात परवानगीचा हक्क तिच्या वारसाचा, असा आमचा नियम आहे; ताईची वारस तिची आई. काल त्यांच्याकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "उघडलं की लोक तिचं नाव वाचतील ना?" आणि सही केली.

साक्षीदार: बांधणीकाका, ज्यांनी ताईच्या प्रबंधाची छापील प्रत बांधली. सही करताना 'मेलीस तर बघ' असा दम दिला.
दुसऱ्या साक्षीदार: वाचनकक्षातल्या मावशी.

ठिकाण: ग्रंथालय, तळमजला, माझं टेबल. बुधवार, सकाळचे अकरा.

अकराला पाच कमी असताना तारीख काढली. एकेचाळीस जणांना उत्तर गेलं आहे.